जिनिंगचा उतार

गणपतीच्या दिवसांत आमच्या गावची जिनिंग बंद असायची. नवा कापूस यायला दीड-दोन महिने अवकाश असे. यंत्रांवर ताडपत्र्या टाकलेल्या असत, अंगण रिकामं असे आणि चालताना पायाखाली गेल्या हंगामातली सरकी टोचत असे. त्या अंगणात एक लांब ओटा होता, बैलगाडीच्या उंचीचा. हंगामात गाड्या त्याला पाठ लावून उभ्या राहत आणि कापूस उतरत असे. गणपतीत त्याच ओट्यावर बांबू बांधून, घराघरांतून आणलेल्या सतरंज्या आणि चादरींचे पडदे लावून आम्ही नाटक करायचो.

ओट्याच्या एका टोकाला दगडविटांचा उतार होता. बांधलेल्या गाठी हातगाड्यावर घालून खाली आणता याव्यात म्हणून कुणीतरी कधीतरी केलेला. आम्ही त्याच्याकडे लक्षही देत नसू. ओट्यावर हात टेकायचा, उडी मारायची, झालं. उतारावरून वर यायचा तो फक्त माझा मित्र.

दोन वर्षांचा असताना त्याला पोलिओ झाला होता. दोन्ही पायांना लोखंडी पट्ट्यांचे कॅलिपर आणि काखेत कुबड्या. पहिलीपासून आम्ही एका बाकावर बसलो. सपाट जमिनीवर तो माझ्याइतकाच जोरात चालायचा, उतारावर थोडा हळू, आणि पायऱ्यांवर अजिबात नाही. जिनिंगला पायऱ्या नव्हत्या, म्हणून त्या अंगणात तो कुणाचा हात न धरता सगळीकडे फिरत असे. ही केवढी गोष्ट होती ते मला तेव्हा कळलं नाही. मी पुढे बांधकामाचं शिक्षण घेतलं, तरी बरीच वर्षं कळलं नाही.

तो आमचा प्रॉम्प्टर होता. विंगेत तेलाच्या डब्यावर बसायचा, मांडीवर नाटकाची वही. प्रॉम्प्टर म्हणजे नुसता वाचून दाखवणारा, असं लोकांना वाटतं. खरा प्रॉम्प्टर नटाचा श्वास ऐकतो. नट गप्प झाला तर तो विसरलाय की मुद्दाम थांबलाय, हे त्याला त्या क्षणी कळावं लागतं. विसरला असेल तर पहिला शब्द द्यायचा, तोही पहिल्या रांगेला ऐकू जाणार नाही इतका. थांबला असेल तर तोंड मिटून बसायचं. यात माझ्या मित्राची एकदाही चूक झालेली मला आठवत नाही.

मी नायक असायचो. उंच होतो, आवाज खणखणीत होता आणि पाठांतर अगदीच कच्चं. नाटक संपलं की आम्ही दोघं उतारावर बसून मुरमुरे खायचो. तो विचारायचा, "आज किती येळा वाचवलं तुला? मोजलंस का?"

"तीनदा."

"सातदा. चार येळा तर तुला कळलं बी न्हाई लेका."

तालमीत कुणी गैरहजर असला की त्याची भूमिका हा वाचायचा. वाचायचा म्हणजे वही बंदच असे. नाटकाची सगळी पात्रं त्याला पाठ असत, बायकांचीसुद्धा. आमच्यातला एकजण नोकरीसाठी रोज बदनापूरला जायचा. एका संध्याकाळी त्याची गाडी चुकली आणि त्याच्या वाट्याचा म्हातारा मित्रानं केला, सरकीच्या पोत्यावर बसून. आम्ही चहाचे कप हातात घेऊन उभे होतो, ते तसेच उभे राहिलो. कुणीतरी म्हणालं, "अरे, ह्यालाच घ्या की." सगळे हसले. तोही हसला. दुसऱ्या दिवशी बदनापूरवाला वेळेवर आला आणि तो विषय तिथंच राहिला.

नाटकं बसवायचे आमचे शाळेतले मराठीचे सर. एका वर्षी त्यांनी स्वतःच नाटक लिहिलं. जवळच्या परतूरच्या रेल्वे रुळांवरून जाता-येता त्यांना ते सुचलं असावं. एक निवृत्त स्टेशनमास्तर. त्याच्या लहानशा स्टेशनवर आता गाडी थांबत नाही. तरी तो रोज जुना कोट घालून ओसरीवर खुर्ची टाकून बसतो. पूर्ण नाटकभर तो खुर्चीत असतो. फक्त शेवटी लांबून शिट्टी ऐकू येते तेव्हा तो उठून उभा राहतो, आणि थोड्या वेळानं म्हणतो, "आज गाडी वेळेवर आहे." तेवढंच.

हे नाटक जिल्ह्याच्या स्पर्धेला न्यायचं ठरलं. वाचन झालं त्या दिवशी सगळे गेल्यावर मित्र उतारावर बसून राहिला. मी सायकल काढत होतो.

"ऐक ना. त्यो स्टेशनमास्तर मी करू का?"

मी सायकल पुन्हा स्टँडला लावली.

"बसूनच करायचंय सगळं. शेवटचं उभं ऱ्हायचं तेवढं सर बघतील काहीतरी. तू इच्यार त्यान्ला."

"तूच विचार की."

"मी इच्यारलो तर ते हो म्हणतील. दया येईल त्यान्ला. मला दयेचा पार्ट नगं. तू इच्यार. तुला खरं काय ते सांगतील."

आमच्या इतक्या वर्षांच्या ओळखीत त्यानं माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट होती.

मी सरांना विचारलं. सर खूश झाले. म्हणाले, "माझ्या मनात पहिल्यापासून तोच होता रे. पण तो कधी बोलला नाही, म्हटलं त्याला अवघड वाटत असेल."

"पण सर, शेवटी उभं राहायचंय."

"कशाला उभं राहायचं? शिट्टी झाली की गप्प बसेल. शिट्टी विरेपर्यंत, आणि विरल्यावरही. मोठा गप्प. उभं राहण्यापेक्षा ते चांगलं होईल बघ." मग ते सहज म्हणाले, "वही दुसऱ्या कुणाकडं तरी देऊ."

त्या शेवटच्या वाक्यापाशी मी अडलो. स्टेशनमास्तराचा मुलगा मी करणार होतो. भूमिका लांब होती, जालन्याचं मोठं सभागृह, परीक्षक समोर, आणि विंगेत तो नाही. दुसऱ्या कुणाच्या हातात वही म्हणजे मी उघडा पडणार. एवढाच विचार माझ्या डोक्यात होता, आणि तो करायला मला फार वेळ लागला नाही.

मी म्हणालो, "सर, खरं सांगू का, मीच त्याला म्हणालो होतो. पण तो नको म्हणतोय. लोकांसमोर यायला लाजतो."

सरांचा चेहरा उतरला. "बरं. मग बळजबरी नको."

तिथून मी मित्राच्या घरी गेलो आणि म्हणालो, "सर म्हणाले, शेवटी उभं राहायचंय, त्याच्याशिवाय नाटक पडेल. जमणार नाही म्हणाले."

तो कॅलिपरच्या पट्ट्याला तेल घालत होता. "बराबर हाय," तो म्हणाला, आणि तेल घालत राहिला.

असं मी दोघांनाही एकेक खोटं सांगितलं. सरांना त्याच्या नावावर आणि त्याला सरांच्या नावावर. दोघंही मानी होते, एकमेकांना पुन्हा विचारणार नाहीत, हे मला माहीत होतं.

जालन्याच्या त्या सभागृहाला मागून नऊ पायऱ्या होत्या. मी त्याला पाठुंगळी घेऊन विंगेत नेलं. माझ्या कानाशी तो म्हणत होता, "हळू रे हमाला, कापसाची गाठ हाय, सुटंल." बरोबरचे सगळे हसत होते. त्या प्रयोगात त्यानं मला पाच वेळा शब्द दिला. स्टेशनमास्तर आमच्या गावच्या एका कंपाउंडरनं केला. शिट्टी झाल्यावर तो ताडकन उभा राहिला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला अभिनयाचं बक्षीस मिळालं. ते घेऊन मी विंगेत आलो तेव्हा मित्रानं ते हातात धरून उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, "पितळी हाय. घासत जा."

त्यानंतर मंडळ हळूहळू पांगलं. मी शिकायला औरंगाबादला गेलो, मग नोकरीसाठी जालन्यात राहिलो. मित्रानं तालुक्याच्या गावी झेरॉक्सचं दुकान टाकलं. आमची दोस्ती टिकली. पण त्याचं आणि सरांचं तुटलं. आधी तो दर रविवारी सरांकडे पुस्तकं बदलायला जायचा, ते बंद झालं. सरांनी मला दोनदा विचारलं, "तो येत नाही रे हल्ली?" दोन्ही वेळा मी सांगितलं की दुकानाचा व्याप वाढलाय. सर वारले तेव्हा गावातली निम्मी माणसं आली होती. मित्र आला नाही.

तीन वर्षांपूर्वी त्याच तालुक्याच्या गावात नवीन सभागृहाचं काम निघालं आणि नकाशा काढायचं आमच्या ऑफिसकडे आलं. तो मी काढला. अपंगांच्या सोयीचे नियम आता कडक आहेत. मी ते नुसते पाळले नाहीत, मन लावून पाळले. दर्शनी दरवाजाला नेमक्या चढाचा रॅम्प, दोन्ही बाजूंना स्टीलचे कठडे, पहिल्या रांगेत व्हीलचेअरसाठी रिकामी जागा, रुंद दाराचं स्वच्छतागृह. हे सगळं करताना माझ्या डोळ्यांसमोर तोच होता. मनातल्या मनात मी कुठलं तरी प्रायश्चित्त घेत होतो, हेही खरं आहे.

काम होत आल्यावर मी त्याला दाखवायला घेऊन गेलो. कुबड्यांनी त्याचे खांदे आता कामातून गेले आहेत, तो व्हीलचेअर वापरतो. रॅम्पवरून तो एकटा वर गेला. आत गेला. पहिल्या रांगेतल्या त्या जागेवर खुर्ची नेऊन उभी केली. छताकडे पाहिलं, दिव्यांकडे पाहिलं. मी मागे उभा होतो, तो शाबासकी देईल म्हणून.

त्यानं रंगमंचाकडे बोट केलं. "अन् तिथं कसं जायचं?"

रंगमंच तीन फूट उंच होता. दोन्ही विंगांमधून प्रत्येकी सहा पायऱ्या.

"म्हंजी मी टाळ्या वाजवायला यायचं," तो म्हणाला. "घ्यायला न्हाई."

तो रागावला नव्हता. गमतीनंच बोलला, आणि लगेच म्हणाला, "बाकी बिलकुल झकास केलंस भाऊ." मी मात्र घरी येईपर्यंत त्या सहा पायऱ्या मोजत होतो. नियमाची पुस्तकं चाळणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला, ज्यानं स्वतः याला नऊ पायऱ्या पाठीवर वाहून नेलं होतं, हे दिसू नये? अपंग माणूस नाटक बघायला येईल एवढंच मी धरून चाललो होतो. तो नाटक करायला येईल हे माझ्या पेन्सिलीला सुचलंच नव्हतं.

मी पुन्हा नकाशा काढून बसलो. एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. तीन फुटांना छत्तीस. विंगेत एवढी जागा निघणं शक्य नव्हतं. दोन दिवस मी भिंती इकडच्या तिकडे करत राहिलो. मग जिनिंग आठवली. तिथला उतार ओट्याच्या आत कुठं होता? तो बाहेरून, कडेकडेनं वर यायचा. जिनिंग आता राहिली नाही, तिथं प्लॉट पडले आहेत. मी मित्राला फोन केला आणि विचारलं, तो उतार नेमका कसा होता?

"तुला कशाला आठवंल, तू उड्या मारायचास," तो म्हणाला. "ओट्याला चिकटून होता. खाली रुंद, वर निमूळता. मधी एक ईट उखडलेली, तिथं माझी कुबडी फसायची. वरून सातवी लाईन. तेवढं नगं करू."

सभागृहाच्या मागच्या भिंतीला, नेपथ्याचं सामान आत घेण्यासाठी मोठा दरवाजा होता, रंगमंचाच्या पातळीवर. टेम्पो तिथं पाठ लावतो. त्या भिंतीला धरून मी उतार काढला. मध्ये एकदा वळण आणि वळणावर खुर्ची टेकवायला सपाट जागा. मंजुरीला, कामाला जवळजवळ वर्ष गेलं. कंत्राटदार म्हणाला, "साहेब, ह्याच्यावरून येणार कोण?" आता बाहेरगावची मंडळी पेट्या, पलंग, ढोलकी सगळं त्याच्यावरूनच आणतात.

उतार झाला त्या आठवड्यात मी दुकानात जाऊन मित्राला म्हणालो, "सरांचं नाटक करू. वही माझ्याकडं आहे. स्टेशनमास्तर तू कर."

तो सातबाऱ्याची प्रत काढत होता. यंत्र थांबेपर्यंत थांबला. "सर न्हाई म्हणले होते," तो म्हणाला. "आता ते ऱ्हायले न्हाईत, म्हणून त्यांच्या मर्जीबाहेर करायचं? मला न्हाई जमायचं ते. दुसरं कोन्तंबी नाटक सांग."

मी दुसरं नाटक सांगू शकलो असतो. क्षणभर तसं मनातही आलं. पण मी स्टुलावर बसलो आणि सगळं सांगितलं. सरांना काय म्हणालो, त्याला काय म्हणालो, आणि का म्हणालो. मध्ये एक बाई आधार कार्डाची झेरॉक्स घ्यायला आल्या. त्यानं दोन्ही बाजू एका कागदावर नीट काढून दिल्या. त्या गेल्यावर मी उरलेलं सांगितलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. यंत्राच्या काचेवरची धूळ पुसली. मग म्हणाला, "सर गेले त्या दिवशी मी दुकान उघडं ठेवलं होतं. गिऱ्हाईक बी नव्हतं. मुद्दाम उघडं ठेवलं."

मी काहीतरी बोलायला गेलो. तो म्हणाला, "तू जा आता."

दहा-बारा दिवस त्यानं माझा फोन घेतला नाही. त्याच्या घरी वहिनींना केला तर त्या म्हणाल्या, "काय झालंय भाऊजी? सरांच्या घरी गेल्ते काल. त्यांच्या मुलापाशी बसून आले, अन् तवापासून गप गप हाईत."

मग एका दुपारी त्याचाच फोन आला. "वही कुठंय?"

"माझ्याकडं."

"घेऊन ये. अन् आता ती तू धरायची. मी करणार, तू विंगंत बसणार. बोल, हाय कबूल?"

जुन्यातले चौघं जमले. माझ्या वाट्याचा मुलगा कंपाउंडरच्या पुतण्यानं केला. कंपाउंडर आता सत्तरीचे, ते तालमीला येऊन बसत आणि स्वतःचीच जुनी वाक्यं पुटपुटत. मित्राचं पाठांतर पूर्वीइतकंच पक्कं होतं. मला काहीच काम नव्हतं. पण शेवटच्या प्रवेशात शिट्टी झाली आणि तो गप्प झाला. मी वहीत पाहिलं. पुढचं वाक्य त्याचंच होतं. एक, दोन, तीन... मी हळूच शब्द दिला, "आज..."

तो भडकला. "कोण म्हणलं तुला बोल म्हणून? इसरलो न्हाई मी. थांबलो होतो. एवढी वर्सं माझ्या शेजारी काढली, अन् गप कुठला अन् इसरला कुठला, तेवढंबी कळंना तुला?"

सगळे हसले. मला मात्र त्याच क्षणी सरांचं वाक्य आठवलं. कबुली देताना मी माझं खोटं सांगितलं होतं. सरांचं हे खरं बोलणं सांगायचं राहूनच गेलं होतं. मी म्हणालो, "सरही हेच म्हणाले होते. तुझ्यासाठी."

"काय म्हणले? शब्दाला शब्द सांग."

"कशाला उभं राहायचं? शिट्टी झाली की गप्प बसेल. शिट्टी विरेपर्यंत, आणि विरल्यावरही. मोठा गप्प."

त्यानं ते दोनदा माझ्याकडून म्हणवून घेतलं. मग म्हणाला, "लिही वहीत." सरांच्या निळ्या शाईत 'उठून उभा राहतो' असं होतं. ते न खोडता मी शेजारी पेन्सिलीनं लिहिलं: मोठा गप्प.

प्रयोग रविवारी दुपारी चार वाजता होता. मागच्या उतारावरून तो एकटा वर आला. मागे नेपथ्याचा बाक घेऊन दोघं होते, ते त्याच्या चालीनं सावकाश चढले. वळणावर तो थांबला, खांदे झटकले, पुन्हा निघाला. सरांचा मुलगा पहिल्या रांगेत बसला होता. मित्राच्या अंगातला सरांचा जुना कोट त्यानंच दिला होता.

नाटक कसं झालं ते मी सांगू शकत नाही. विंगेतून नाटक दिसत नाही, फक्त नटाची एक बाजू दिसते. मला त्याचा उजवा हात दिसत होता, चाकावर ठेवलेला. शिट्टी झाली. विरली. तो गप्प होता. सभागृहात कुणीतरी खोकलं आणि तेही थांबलं. तालमीत एवढा वेळ कधीच झाला नव्हता. त्याचा हात चाकावरून किंचित उचलला गेला आणि पुन्हा टेकला. माझं बोट वाक्याखाली होतं. जिभेवर 'आज' आला होता. तो विसरलाय असं मला वाटत होतं, नाही असंही वाटत होतं. पन्नाशीच्या आसपासचा माणूस, पहिल्यांदा उजेडात बसलेला, आणि इतकी वर्षं मला वाचवत आलेला. मी दात दाबून धरले.

"आज गाडी वेळेवर आहे," तो म्हणाला.

टाळ्यांच्या वेळी सगळे नट खाली वाकले. तो बसूनच होता. मान थोडी झुकवली, बस्स.

गर्दी ओसरल्यावर आम्ही मागच्या दारात आलो. अजून ऊन होतं. मी विचारलं, "एक सांग. शेवटी विसरला होतास की थांबला होतास?"

त्यानं खुर्ची उताराच्या तोंडाशी आणली आणि कोटाचं बटण काढलं.

"इतकी वर्सं मीच सांगत आलो तुला सगळं," तो म्हणाला. "हे न्हाई सांगणार."

"मागून धरू का?"

"नगं."

तो उतरू लागला. मी वही काखेत धरून मागून चालत राहिलो.